अल्पशा आजाराने

यंदाच्या अंकाचा विषय 'नोंद'. कागद पुन्हा महागला, दोन जाहिरातदार ऐनवेळी गळाले. हे तुम्हाला दरवर्षी ऐकवतोच. वर्षभर ठुसठुसत राहिलं ते दुसरंच.

या अंकासाठी आलेल्या तीन लेखांत एकच विधान होतं. कॅथलिकांमध्ये प्रॉटेस्टंटांपेक्षा आत्महत्या कमी, कारण धर्म माणसाला धरून ठेवतो. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिमनं १८९७ सालीच हे दाखवून दिलंय. दुर्खिम मोठा माणूस. इतक्या खासगी कृत्यात समाज शोधायचा, ही छाती त्याची. पण त्याची सगळी भिस्त सरकारी आकड्यांवर, आणि आकडा कुणीतरी लिहीत असतो. ब्रागाच्या धर्मपरिषदेनं सहाव्या शतकातच जीव देणाऱ्याचे अंत्यविधी नाकारले होते. दारात धर्मगुरू, आत रडारड आणि डॉक्टरच्या हातात दाखला. काय लिहील तो? फान पॉपेल आणि डे या अभ्यासकांनी नेदरलँड्सच्या १९०५ ते १९१० या काळातल्या नोंदी तपासल्या. कॅथलिकांच्या बाजूला 'आकस्मिक मृत्यू' आणि 'कारण अस्पष्ट' हे रकाने फुगलेले निघाले. पंथापंथातला तो प्रसिद्ध फरक तिथे दडलेला असावा, असं त्यांनी १९९६ साली मांडलं. आमच्या तिन्ही लेखकांना त्याचा पत्ता नाही.

खुद्द चर्च मात्र हललं. १९१७च्या धर्मसंहितेत दफनाची बंदी होती, १९८३च्या संहितेतून ती गेली. १९९२चा कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा ग्रंथ, आत्महत्येला आजही गंभीर पापच मानतो. पण मनोविकार, तीव्र भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये, असंही सांगतो.

आपण धनत्रयोदशीला अपमृत्यू टळावा म्हणून दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतो. टळला नाही, तर नारायणबळी करतो आणि छापतो 'अल्पशा आजाराने निधन'. गेल्या अंकात मीही तेच केलं. आमच्या एका लेखकाच्या पत्नीनं पाठवलेल्या मजकुरात खरं कारण होतं. प्रुफावर मी ते लाल शाईनं खोडलं. तिची लाज राखतोय असं वाटलं. अंक हाती पडल्यावर तिचा फोन आला. "भाऊ, ते एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले होते."

ते प्रूफ अजून खणात आहे. तिला विचारून तो मजकूर याच अंकात शेवटच्या पानावर पुन्हा छापलाय, तिच्या शब्दांत.