चूक एक, कारणे अनेक : सीमेपलीकडच्या नव्या मराठी प्राध्यापकाची शिदोरी

शाळेत शिकवायचे असेल तर डी.एड. किंवा बी.एड. व्हावे लागते. विद्यापीठात शिकवण्यासाठी मात्र अध्यापनाची कोणतीही पदवी लागत नाही. पदव्युत्तर परीक्षेत पंचावन्न टक्के गुण आणि नेट अथवा सेट, किंवा नियमांत बसणारी पीएच.डी., एवढ्यावर सहायक प्राध्यापकपदाचे दार उघडते. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन अभिक्षमतेवर काही प्रश्न असतात, पण ते वस्तुनिष्ठ. चार पर्यायांतून एक निवडायचा. वर्गात चुकलेले वाक्य हाती आले की चार पर्याय कोणी छापून देत नाही.

ही उणीव शासनाला ठाऊक नाही असे नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नामांतर मनुष्यबळ विकास केंद्रे असे झाले आणि 2023 पासून हे काम मालवीय मिशन या नावाने चालू आहे. नव्या प्राध्यापकांसाठी प्रवेश-प्रशिक्षण आहे, दोन आठवड्यांचे उजळणी वर्ग आहेत आणि पदोन्नतीसाठी ते आवश्यकही आहेत. धोरण, मूल्यमापन, संशोधनाची नीतिमत्ता, संगणकाचा उपयोग असे विषय तेथे शिकवले जातात. ते उपयुक्त आहेत, याबद्दल वाद नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे सारे प्रशिक्षण सर्व विषयांच्या, सर्व प्रांतांच्या अध्यापकाला एकाच मापाने दिले जाते. बेळगाव, धारवाड, गोवा, बडोदा किंवा हैदराबाद येथील मराठी विभागात रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकाला ज्या अडचणीशी रोज झुंजावे लागते, तिचा त्यात उल्लेखही नसतो.

ती अडचण भाषाशास्त्रीय आहे. केवळ लिंगव्यवस्थेचे उदाहरण घेऊ. मराठीत तीन लिंगे आहेत आणि निर्जीव वस्तूंनाही ती मनमानी पद्धतीने वाटलेली आहेत : दगड पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी. सीमेपलीकडच्या उत्तरपत्रिकांत लिंगाच्या चुका सर्वत्र आढळतात. परंतु त्यांची मुळे निरनिराळी असतात.

कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते. पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि वस्तू सर्व नपुंसकलिंगी. कन्नड माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी ‘खुर्ची मोडलं’ असे लिहितो तेव्हा तो निष्काळजी नसतो. एका भाषेचा सुसंगत नियम तो दुसऱ्या भाषेला लावत असतो. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. ‘पुस्तक’ आणि ‘आवाज’ हे दोन्ही शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडचा विद्यार्थी ‘नवी पुस्तक’, ‘माझी आवाज’ असे लिहून जातो. गुजरातीत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. तेथे व्यवस्था अडत नाही, सुटा शब्द अडतो. गुजराती ‘चा’ स्त्रीलिंगी असल्यामुळे बडोद्यात ‘चहा केली’ असे कानी पडले तर नवल नाही. तेलुगूत एकवचनात स्त्री आणि वस्तू यांना क्रियापदाचे एकच रूप चालते. हैदराबादच्या वर्गातील गोंधळ त्यामुळे आणखी निराळा. आणि गोव्यात, जेथे घरची भाषा कोकणी व प्राथमिक शाळा मराठी असे अनेकांच्या बाबतीत घडते, तेथे मुलीविषयी बोलताना कोकणी नपुंसकलिंगी रूप वापरते, ही गोष्ट अध्यापकाला ठाऊक असलीच पाहिजे.

चूक एकच, कारणे पाच. लाल शाईची एक रेघ पाचही ठिकाणी सारखीच उमटते. उपाय मात्र पाच हवेत.

याहून नाजूक प्रश्न असा की प्रत्येक वेगळे रूप म्हणजे चूक नव्हे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात अनेक स्त्रिया स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असेच म्हणतात. ती त्या बोलीची रीत आहे. पुण्या-मुंबईकडे शिकून आलेला नवा प्राध्यापक ते ऐकून हसला, किंवा सर्वांसमोर ‘अशुद्ध’ म्हणाला, तर त्या विद्यार्थिनीला एवढेच कळते की आपल्या आईची भाषा या वर्गात चालत नाही. प्रमाणभाषा शिकवावीच, निबंधात, परीक्षेत, अर्जात ती लागते. पण बोलीचे रूप कोणते, शेजारभाषेचा प्रभाव कोणता आणि निव्वळ हलगर्जी कोणती, हा विवेक अध्यापकाकडे नसेल तर शुद्धीच्या नावाखाली तो विद्यार्थी घालवून बसेल.

या विवेकाला शास्त्राचा आधार आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना तेथे इतकी जवळ आली होती की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. जगभरच्या भाषासंपर्काच्या अभ्यासात आमच्या या मुलखाचा दाखला दिला जातो. याच मुलखात शिकवायला येणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती मात्र त्यातले एक पानही कोणी ठेवत नाही.

मग काय हवे? आमच्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही आवाक्यातल्या.

पहिली, प्रत्येक केंद्रासाठी एक तुलनात्मक पुस्तिका. मराठी-कन्नड, मराठी-गुजराती, मराठी-हिंदी, मराठी-तेलुगू, मराठी-कोकणी. प्रत्येकी तीस-चाळीस पाने. त्यांत लिंग, विभक्ती, क्रियापदाची रूपे, शब्दांचे बदललेले अर्थ आणि विद्यार्थ्यांच्या लेखनातील खरी वाक्ये, नावे वगळून. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चे. त्याची थोरवी निर्विवाद आहे. पण ते मराठीचे वर्णन करते. कन्नड शाळेतून आलेल्या मुलाला मराठी कशी शिकवावी हे सांगणे त्याचे प्रयोजन नव्हते. अमराठी राज्यांतील शिक्षकांना मराठी शिकवण्याचा अनुभव पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रापाशी आहे. त्याचा उपयोग या कामी करून घेता येईल.

दुसरी, ज्येष्ठ सोबती. पहिली दोन सत्रे नव्या प्राध्यापकासोबत त्याच प्रदेशात शिकवून निवृत्त झालेला एक अनुभवी अध्यापक असावा. महिन्यातून एकदा त्याने वर्गात मागच्या बाकावर बसावे, दहा उत्तरपत्रिका एकत्र तपासाव्यात, आणि जे दिसले ते चहाच्या पेल्यावर सांगावे. यात अहवाल नको, गुणांकन नको. तपासनीस आला की माणूस सावध होतो. सोबती आला की विचारू लागतो.

तिसरी, सामाईक कोठार. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज संगणकावर खुले आहेत. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीला पाचही केंद्रांतील पाठांचे आराखडे, प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या लेखनाचे नमुने एके ठिकाणी आले, तर एकट्या प्राध्यापकाला दरवर्षी विहीर नव्याने खणावी लागणार नाही. ‘एकट्या’ हा शब्द आम्ही जाणून वापरतो. महाराष्ट्रातील नव्या अध्यापकाला शेजारच्या महाविद्यालयात चार मराठीचे सहकारी भेटतात. सीमेपलीकडे त्याला विचारायला कित्येकदा जवळपास कोणीच नसते.

कोणी म्हणेल, शिकवता शिकवता माणूस शिकतोच. शिकतो, हे खरे. परंतु त्याला पाच वर्षे लागली तर त्या पाच वर्षांतील विद्यार्थ्यांनी काय करावे? महाराष्ट्राबाहेर मराठी घेणारा प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या निवडीने आलेला असतो आणि नाउमेद झाला तर दुसरा विषय घेऊन निघून जातो. पट घसरला की रिक्त जागा भरली जात नाही, आणि जागा भरली नाही की विभागाला कुलूप लागायला वेळ लागत नाही. मोर्चा काढून मिळवलेला मराठी विभाग वर्गातील कंटाळ्याने गमावण्याइतके दुर्दैव दुसरे नसेल.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या निमित्ताने हस्तलिखिते जतन होतील, परिसंवाद भरतील, भरावेत. पण त्या निधीतील थोडा वाटा या पुस्तिकांना आणि सोबत्यांना मिळावा, अशी मागणी सीमेपलीकडच्या प्रत्येक मराठी मंडळाने, ग्रंथालयाने आणि पालकाने लेखी करावी. शासनाचे उत्तर येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपल्या गावात मराठीचे निवृत्त अध्यापक असतील. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाची त्यांच्याशी या सत्रातच गाठ घालून द्या.