राक्षसी इंजिनावरचा खोटा आळ

पाण्याचे दिवस मोजणाऱ्या आमच्या पुंडलिकनगरात गच्चीगच्चीवर हजार लिटरची काळी टाकी दिसते. अशा पावणेदोन टाक्या रिकाम्या केल्या तरी 'एमा मेर्स्क' जहाजाच्या इंजिनाचा एक सिलिंडर काठोकाठ भरणार नाही, आणि 2006 सालच्या त्या जहाजाला असे चौदा सिलिंडर आहेत. पूर्ण ताकदीवर ते ताशी जवळपास 14 टन इंधन जाळतं. आकडा ऐकताच लोक त्याला उधळ्या ठरवतात. हा आरोप साफ चुकीचा आहे.

14 टनांत काय झालं ते बघा. दीड लाख टनांवर भार तासाभरात 46 किलोमीटर पुढं गेला. टनामागे, किलोमीटरमागे दोन ग्रॅम. बीड बायपासवरचा ट्रेलर 25 टन माल घेऊन लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर त्याला आठ ग्रॅमच्या वर लागतात.

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे, आणि जुने मेकॅनिक म्हणतात, टू-स्ट्रोक म्हणजे धूर. रिक्षांच्या या शहरात तो अनुभवाचा बोल आहे, पण इथं लागू नाही. जुन्या रिक्षात हवा-पेट्रोल मिसळूनच आत शिरायचं आणि जळका वायू बाहेर ढकलताना थोडं कच्चं पेट्रोलही सायलेन्सरवाटे निघून जायचं. जहाजाच्या इंजिनात खालून शिरते ती निव्वळ हवा. इंधनाचा फवारा वरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटल्यावरच उडतो, त्यामुळे कच्चं इंधन निसटायला वाटच उरत नाही.

उलट, मोठेपणा आणि संथपणा हीच त्याची काटकसर. कपातला चहा लगेच निवतो, हंड्यातलं पाणी उशिरा. तशीच मोठ्या सिलिंडरच्या भिंतींतून उष्णता कमी निसटते. मिनिटाला फेरे फक्त 102, त्यामुळे इंधनाला जळायला पुरेसा वेळ. स्ट्रोक अडीच मीटरचा, म्हणून वायू पिस्टनला शेवटपर्यंत रेटतो. उरलेला जोर टर्बोचार्जर घेतो. मध्ये गिअरबॉक्सही नाही. इंधनातली निम्मी ऊर्जा कामी येते. रुडॉल्फ डिझेलचं 1897 सालचं इंजिन 26 टक्क्यांवर होतं.

दोष द्यायचाच तर वेगाला द्या. वेग एक पंचमांश कमी केला की निम्म्या ताकदीत भागतं. जड तेलातल्या गंधकालाही द्या. 2020 पासून त्याची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, ते योग्यच झालं.

वाळूजचा कंटेनर ट्रेलरवरून न्हावा-शेव्याला सुमारे साडेतीनशे किलोमीटर जातो. तेवढ्याच इंधनात हे इंजिन त्याला समुद्रातून चौदाशे किलोमीटर नेतं.