तोंड दाबून बुक्क्यांचा मार



२०२० सालची टाळेबंदी आपण विसरलेलो नाही. मार्चमध्ये एसटी थांबली, आठवडी बाजार बंद पडले, देवळांना कुलपे लागली. हंगाम संपला तरी अनेक कारखान्यांवर तोडणी मजूर कोप्यांतच अडकून पडले. ‘घरात राहा, सुरक्षित राहा’ असे जो तो सांगत होता. रोगापुरते ते खरे होते. पण जिला घरातच मार बसतो, तिनं कुठं जायचं? हा प्रश्न त्या वेळी आम्हालाही सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०१९ साली घरगुती हिंसाचाराच्या सुमारे ३ हजार तक्रारी आल्या होत्या. २०२० साली त्या ५ हजारांवर गेल्या. ह्या झाल्या दिल्लीपर्यंत पोचलेल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम १४ जणींनी कुणाची तरी मदत मागितली.

एरवी बाईला मन मोकळं करायला पाणवठा असतो, बचत गट असतो, बाजार असतो, आणि अगदीच असह्य झालं तर माहेर. टाळेबंदीत ह्या सगळ्या वाटा एकदम बंद झाल्या. फोन करावा तर तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा दिवसभर घरात. रोजगार बुडाला म्हणून मारलं, दारू मिळेना म्हणून मारलं, मे महिन्यात दुकानं उघडल्यावर दारू मिळाली म्हणून मारलं. कारण बदललं, पाठ तीच राहिली.

टाळेबंदी उठली, पण अशी घरे आजही गावोगाव आहेत. ‘नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा?’ असे आपण म्हणतो. आमचे स्पष्ट मत आहे, की मारहाण हे भांडण नव्हे, गुन्हा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे कळवता येते, आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. सातबारा नि घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी बायकोला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत. ते घरातल्या लेकी-सुनांना पाठ असू द्यावेत.

शेजारच्या उसाला आग लागली तर ऊस कुणाचा हे विचारत आपण बांधावर उभे राहत नाही, धावत जातो. शेजारच्या घरातून ओरडा ऐकू आला तर तसेच धावावे. मग ते घर सभासदाचे असो, की तोडणी मजुराची कोपी.