विषाचे दिवस कोण मोजणार?

‘भाजी नीट धुऊन घ्या, मिठाच्या पाण्यात ठेवा, सालं काढा.’ कीटकनाशकांचा विषय निघाला की सल्ला मिळतो तो असा, आणि मिळतो तो बाईलाच. फवारायचं ठरवणार कुणी, नफा घेणार कुणी, आणि ताटातलं विष काढायची जबाबदारी मात्र स्वयंपाकघराची!

धुणं अगदीच वाया जात नाही. वरवर बसलेलं औषध त्याने कमी होतं. पण मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, इमिडाक्लोप्रिड अशी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात भिनतात. ती नळाखाली कशी जाणार?

विष कमी होतं ते मुख्यतः शेतातच, दिवस गेले की. ऊन, पाणी, जिवाणू आणि झाडातली विकरं मिळून त्याचं विघटन करतात. समजा, एखादं औषध तीन दिवसांत निम्मं होतं. मग सहा दिवसांनी चार आणे उरतं, नऊ दिवसांनी दोन आणे. पण विघटन झालं म्हणजे विष संपलंच, असंही नाही. ॲसिफेटपासून मेथामिडोफॉस तयार होतं, ते जास्तच जहाल. डीडीटीचं डीडीई होतं. ते चरबीत साठतं आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतं.

म्हणूनच शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते औषधागणिक, पिकागणिक ठरवलेलं असतं. आता भेंडीचं पाहा. ऐन हंगामात ती दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. कीड फवारणी थांबू देत नाही, बाजार तोडणी थांबू देत नाही. मधले दिवस गळून जातात. एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. एक तोडा सोडला तर त्याची भरपाई कोण देणार?

आणि तोडणारी कोण? भेंडीची लव खाजते म्हणून हाताला फडकं गुंडाळून सकाळीच वाफ्यात वाकलेली बाई. फवारणाऱ्याने हातमोजे, मास्क वापरावा असं नियम निदान म्हणतो तरी. दवाने ओल्या पानांत हात घालणारीला मात्र काल काय फवारलं, हे सांगायची गरजही कुणाला वाटत नाही. प्रतीक्षेचे दिवस मोजले जातात ते खाणाऱ्यासाठी, तिच्यासाठी नाहीत. अमेरिकेत फवारलेल्या शेतात मजुरांनी किती वेळ शिरायचं नाही, हेही औषधाच्या लेबलवर छापावं लागतं.

आपल्याकडे हे जमणारच नाही, असं कुणी म्हणू नये. युरोपला द्राक्षं पाठवायची म्हणून २००६ पासून ‘ग्रेपनेट’मध्ये बागांची नोंद होते, प्रयोगशाळेत अवशेष तपासल्याशिवाय माल जात नाही. परदेशातल्या ताटासाठी जे होतं, ते आपल्या मंडईसाठी का नाही?

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. औषधाचं नाव आणि फवारणीची तारीख बांधावर पाटी लावून लिहा. फवारलेल्या वाफ्यात जायला नकार दिला म्हणून बाईची मजुरी बुडता कामा नये. मंडईतल्या भाजीची नियमित तपासणी करा आणि निकाल तिथेच लावा. सोडलेल्या तोड्याचा भार सरकारनेही उचलावा.

भाजी आपण धुतच राहू. पण शेतातल्या विषाचा हिशेब मोरीत मिटवू देणार नाही.