हसू कोणावर कोसळतं? ‘द इनबिटवीनर्स’चा चित्रपट आणि मधल्या पायरीवरची पोरं

अश्लील विनोदाचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक गट संस्कृतीच्या नावाने गळा काढतो. दुसरा ‘विनोद आहे, विनोदासारखा घ्या’ म्हणत हात झटकतो. आम्हाला या दोन्ही भूमिका आळशी वाटतात. विनोद किती चावट आहे याची मोजदाद सेन॒सॉरवाल्यांनी करावी. आपण विचारायचं ते एवढंच, की हसू कोणावर कोसळतं आणि त्या हसण्याने कोणाची पायरी पक्की होते? हाच प्रश्न घेऊन आम्ही ‘द इनबिटवीनर्स मूव्ही’ या २०११ च्या ब्रिटिश चित्रपटाकडे पाहणार आहोत.

आधी पार्श्वभूमी. ‘द इनबिटवीनर्स’ ही मालिका ब्रिटनच्या ‘ई फोर’ वाहिनीवर २००८ ते २०१० या काळात आली. तीन पर्वं, अवघे १८ भाग. लेखक डेमन बीस्ली आणि इयन मॉरिस. कथा चार शाळकरी पोरांची. विल हा खासगी शाळेत शिकलेला. आईवडिलांचा घटस्फोट होतो आणि त्याला साध्या सरकारी शाळेत यावं लागतं. तो येतो तोच ब्रीफकेस घेऊन, आणि पहिल्या दिवसापासून चेष्टेचा विषय होतो. सायमन एकाच मुलीच्या मागे वर्षानुवर्षं झुरतो. जे न केलेल्या पराक्रमांच्या थापा मारतो. नील मठ्ठ, पण मनाने निर्मळ. शाळेतल्या ‘भारी’ पोरांत यांना जागा नाही आणि अगदी तळाशीही ही पोरं नाहीत. नावातच सगळं आलं: मधले. वरच्यांनी हाकललेले आणि खालच्यांपासून अंतर राखून असलेले.

आता या मालिकेचा चित्रपट करायचा तर अडचण काय? मालिकेचा विनोद उभा होता तो बंदिस्त जागांवर. शाळा, घर आणि सायमनची ती खटारा पिवळी फियाट. शाळेत मास्तरांचा जाच, घरात आईवडिलांसमोर होणारी फजिती, गाडीत चौघांची एकमेकांवर कुरघोडी. या भिंती होत्या म्हणून त्यांची धडपड हास्यास्पद ठरत होती. पंचवीस मिनिटांचा भाग दीड तासाचा करायचा म्हणजे भिंती ओलांडून बाहेर पडणं आलं. यावर ब्रिटिश चित्रपटसृष्टीचा ठरलेला तोडगा आहे: मंडळींना सुट्टीवर पाठवा.

हा तोडगा जुना आहे. ‘ऑन द बसेस’ या मालिकेवरचा ‘हॉलिडे ऑन द बसेस’ १९७३ मध्ये आला. ‘आर यू बीइंग सर्व्हड?’ची दुकानातली नोकरमंडळी १९७७ च्या चित्रपटात कॉस्टा प्लोंका नावाच्या कल्पित स्पॅनिश किनाऱ्यावर गेली. २००० साली ‘केव्हिन अँड पेरी गो लार्ज’मधली दोन पोरं इबिझाला गेली. यामागचं गृहीतक साधं आहे. सुट्टी म्हणजे मोकळीक. तिथे साहेब नाही, मास्तर नाही, शेजारी नाहीत. सगळे अर्ध्या चड्डीत, म्हणजे सगळे सारखे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही व्हिक्टर टर्नर वाचला होता. ‘द रिच्युअल प्रोसेस’ या १९६९ च्या पुस्तकात तो उंबरठ्यावरच्या अवस्थेबद्दल लिहितो. माणूस जुन्या स्थानातून निघालेला असतो, नव्यात पोचलेला नसतो. अशा काळात नेहमीची उतरंड सैल पडते आणि बरोबरीचं नातं तयार होतं, असं त्याचं म्हणणं. शाळा संपलेली, पुढचं आयुष्य सुरू व्हायचं आहे आणि पोरं परदेशी किनाऱ्यावर. उंबरठा याहून वेगळा काय असतो? टर्नरच्या हिशेबाने तिथे चौघांची सुटका व्हायला हवी होती.

होत नाही, आणि आमच्या मते हेच या चित्रपटाचं बलस्थान आहे. चौघे क्रीट बेटावरच्या मालियाला पोचतात, तेव्हा त्यांच्या पिशव्यांसोबत ती शिडीही उतरते. बायकांच्या मागावर निघालेल्या गस्तीची घाणेरडी ओळ छापलेले टी-शर्ट घालून ते निघतात. भूलथापा देणाऱ्या दलालाच्या नादाने शिरतात ते एका रिकाम्या बारमध्ये. नाच करतात तोही त्या ओस पडलेल्या जागेत. शाळेतल्या दादाची जागा इथे जेम्स घेतो. क्लबची गिऱ्हाइकं गोळा करणारा हा मस्तवाल तरुण. मास्तर गेला, तरी बोटीवरच्या पार्टीचं तिकीट परवडतं कोणाला, हा प्रश्न आहेच. त्या तिकिटासाठी सायमन अंगावरचे कपडेसुद्धा विकायला काढतो. मोकळीक विकत घ्यावी लागते, आणि ती सगळ्यांना एकाच भावाने पडत नाही.

चित्रपटातला सगळ्यात महत्त्वाचा धागा आम्हाला जे आणि जेनचा वाटतो. जेन अंगाने जाड आहे. तिला जे आवडतो आणि जेलाही ती आवडू लागते. पण जेम्स तिच्या शरीरावरून टोमणे मारतो आणि जे लगेच तिच्यापासून अंग काढून घेतो, वर तिचाच अपमान करतो. ज्या पोराची आयुष्यभर टर उडवली गेली, त्याने संधी मिळताच आपल्याहून खालची पायरी शोधली. जेम्सच्या रांगेत उभं राहण्यासाठी त्याने जेनवर पाय दिला.

हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं का, मित्रांनो? बाबासाहेबांनी विषमतेतली सगळ्यात घातक विषमता कोणती म्हटली होती? श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येक पायरीवरच्याला वर पाहून मान झुकवायची सवय लागते आणि खाली पाहून तुच्छता दाखवायची सोय मिळते. म्हणूनच शिडीविरुद्ध सगळे मिळून कधी उभे राहत नाहीत. ब्रिटनचा वर्ग म्हणजे भारताची जात नव्हे. ती तुलना सरसकट करणं म्हणजे जातीचं क्रौर्य पातळ करणं, आणि ते आम्ही करणार नाही. जे उद्या पैसा कमावून पायरी बदलू शकतो; जातीत ती सोय नाही. पण शिडी मनात कशी काम करते हे समजून घ्यायला बाबासाहेबांची ही संकल्पना क्रीटच्या किनाऱ्यावरही उपयोगी पडते.

चित्रपट जेला माफ करत नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. हसू जेनवर कोसळत नाही, ते जेच्या भित्रेपणावर कोसळतं. १९७३ च्या चित्रपटाशी ताडून पाहा. ‘ऑन द बसेस’मधली ऑलिव्ह चष्म्याची, दिसायला ‘बरी नसलेली’, म्हणून घरच्यांनी तिला वाट्टेल ते बोलावं आणि प्रेक्षकांनी हसावं, असा तो मामला होता. ऑलिव्हपासून जेनपर्यंत यायला जवळपास चाळीस वर्षं लागली. विनोद तेवढाच चावट राहिला, पण त्याचं तोंड फिरलं. शेवटी जेम्स नशेसाठी नाकाला लावतो ती नोट जेकडून घेतलेली असते, आणि जेने ती शरीराच्या कोणत्या भागात दडवली होती हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. किळस येते, मान्य. पण ती किळस वरच्या पायरीवर फेकलेली आहे.

मात्र इथेच आम्ही टाळ्या थांबवतो, कारण या शिडीच्या खाली एक पायरी अशी आहे जी लेखकांनाही दिसलेली नाही. चित्रपट ग्रीसमधला, आणि ग्रीक माणसं कुठे आहेत? हॉटेलं चालवणारे, बार पुसणारे, रात्रीची ओकारी सकाळी धुणारे पडद्यावर येतात ते पार्श्वभूमी म्हणून. थोडं ठळक पात्र मिळतं ते ॲलिसनच्या ग्रीक प्रियकराला. तो वेटर आहे आणि अर्थातच दगाबाज निघतो. त्यामुळे विलचा मार्ग मोकळा होतो. मालियाच्या नावाखाली दिसणारी बरीच दृश्यं स्पेनच्या मायोर्का बेटावर, मागालुफला चित्रित झाली. ग्रीस काय, स्पेन काय, निर्मात्यांना फरक पडला नाही. कारण जागा हवी होती, तिथली माणसं नको होती.

गंमत पाहा. ‘हॉलिडे ऑन द बसेस’ एवढा मागासलेला चित्रपट, पण त्यातले स्टॅन आणि जॅक नोकरी गेल्यावर सुट्टीच्या छावणीत बस चालवायला लागतात. एकाची सुट्टी म्हणजे दुसऱ्याची ड्युटी, हे १९७३ ला दिसत होतं. २०११ ला ते नजरेआड झालं. गोव्याकडे पाहण्याची हिंदी चित्रपटांची नजर ज्यांना खटकते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘दिल चाहता है’मधल्या मित्रांना गोव्यात मैत्री सापडली, गोयंकार मात्र कोणाला सापडला नाही.

पैशाच्या बाजूने चित्रपट प्रचंड यशस्वी झाला. सुमारे ३५ लाख पौंडांत तयार झाला आणि ब्रिटनमध्येच साधारण साडेचार कोटी पौंड कमावून बसला. २०१४ मध्ये दुसरा भाग आला, यावेळी ऑस्ट्रेलियात. त्यात पाठीवर पिशवी टाकून ‘आम्ही पर्यटक नाही, प्रवासी आहोत’ असा आव आणणाऱ्या श्रीमंतांच्या पोरांची चांगली खिल्ली उडवली आहे. लेखकांना वर नेम धरता येतो, हे त्यातून पुन्हा दिसलं. खाली पाहायला मात्र ते तेव्हाही शिकले नव्हते.

आमच्या ओळखीतली कितीतरी तरुण मुलंमुली आज मोबाइलवर मालिका लिहितात, लघुपट करतात, विनोद करतात. काही जण विचारतात, चळवळीतल्या माणसाने चावट विनोद करावा का? आमचं उत्तर असं: करा, पण लिहून झाल्यावर संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक हशाच्या जागी थांबून तो कोणावर पडतो ते तपासा. वस्तीतल्या जाड मुलीवर, बोलीवर, झाडू मारणाऱ्या मावशींवर पडत असेल, तर तुम्ही जेम्ससाठी लिहिताय. आणि ज्याच्यावर कोणी हसतच नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही, असा माणूस तुमच्या गोष्टीत कोण आहे तेही शोधा. टेबल पुसणाऱ्या माणसाला नाव द्या. मग खुशाल हसवा.