फितीवरचा ठेवा कुणाच्या मालकीचा?

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात २०२५ साली सामानाच्या खोलीची आवराआवर चालू असताना चुंबकीय फितीचे एक जुने रीळ हाती लागले. बेल प्रयोगशाळेकडून आलेली युनिक्सची चौथी आवृत्ती, अशी नोंद त्यावर हाताने केलेली होती. ही आवृत्ती १९७३ ची. युनिक्सचा गाभा सी भाषेत प्रथम लिहिला गेला तो हिच्यात. आणि आज मोठमोठ्या संगणककेंद्रांपासून खिशातील फोनपर्यंत जे चालते, त्यातील फार मोठ्या भागाची वंशावळ या गाभ्यापाशी जाऊन पोचते. असे असूनही तिची पूर्ण प्रत कोठेही उपलब्ध नव्हती. माहितीपुस्तिका आणि काही तुटक भाग तेवढे शिल्लक होते. विद्यापीठातील मंडळींनी ते रीळ टपालाच्या हवाली न करता मोटारीने कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात नेले. डिसेंबरमध्ये तेथील तज्ज्ञांनी फितीवरील चुंबकीय लहरी जशाच्या तशा टिपल्या, त्यांतून अक्षरे पुन्हा जुळवली आणि ५२ वर्षांपूर्वीची ती संहिता वाचता आली.

गुप्तधन सापडावे तसा या बातमीचा आनंद होतो. परंतु सार्वजनिक महत्त्वाचा दस्तऐवज गुप्तधनासारखा सापडावा लागतो, हीच मुळात चिंतेची बाब आहे.

सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेली प्रोग्रामची मूळ संहिता. कंपायलर तिचे यंत्राच्या आकड्यांत भाषांतर करतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडतात ते केवळ हे आकडे. आकडे हाती असले म्हणजे यंत्र चालते. पण ते असे का चालते, चुकते कोठे, दुरुस्त कसे करावे, हे समजण्याचा सरळ मार्ग बंद होतो. कंपायलर तर हत्यारे घडवणारे हत्यार. त्याचीच संहिता हरवली, तर कारागीर आपल्या भात्याला आणि ऐरणीला परका होतो. सी भाषेचे जनक डेनिस रिची यांना १९७२-७३ सुमाराचे आपले दोन आरंभीचे कंपायलर जगासमोर ठेवता आले, ते स्वतःजवळ उरलेल्या फितींवरून आणि त्या वाचण्याचे यंत्र स्नेह्यांनी जुळवून दिले म्हणून.

हा ठेवा निर्माण कसा झाला, हे आज सोयीस्करपणे विसरले जाते. १९४९ साली अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीवर खटला भरला. १९५६ च्या तडजोडीत कंपनीची दूरध्वनीवरील पकड कायम राहिली, पण दळणवळणाबाहेरचा धंदा करण्यास तिला मनाई झाली. तिच्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स तयार झाले तेव्हा ते बाजारात विकण्याची सोय नव्हती. म्हणून ते विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ संहितेसह दिले गेले. विद्यार्थ्यांनी ते वाचले, त्यातील चुका काढल्या, भर घातली आणि ती एकमेकांना वाटली. खुलेपणा हा कंपनीचा उदारपणा नव्हता. मक्तेदारीला कायद्याने घातलेल्या वेसणीचे ते फळ होते. ‘सरकारी हस्तक्षेपाने संशोधन मरते’ असे अहोरात्र सांगणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

वेसण सैल होऊ लागताच दरवाजेही मिटू लागले. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ साली युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता आणि तिच्यावरील आपले भाष्य अशा दोन पुस्तिका विद्यार्थ्यांसाठी काढल्या. मूळ ग्रंथ आणि त्यावर टीका, ही रीत आपल्याकडील पंडितांना नवी वाटली नसती. १९७९ साली सातवी आवृत्ती आली ती अशा परवान्यासह, की तिची संहिता वर्गात शिकवता येऊ नये. मग लायन्स यांच्या पुस्तिकांच्या छायाप्रती निघाल्या, छायाप्रतींच्या छायाप्रती निघाल्या, आणि अस्पष्ट झालेल्या त्या पानांवर जगभरातील प्रोग्रामरांची एक पिढी शिकली. १९८४ साली एटी अँड टीचे विभाजन होऊन कंपनीला संगणकाचा धंदा मोकळा झाला. लायन्स यांचे पुस्तक राजरोस छापले गेले १९९६ साली. १९९८ मध्ये ते वारले.

मालकीची पुढची कथा तर प्रहसनाला शोभेल. युनिक्सचे हक्क एटी अँड टीकडून नोव्हेलकडे, नोव्हेलकडून सँटा क्रूझ ऑपरेशनकडे आणि तेथून काल्डेराकडे गेले असे सर्वांनी धरले. काल्डेराने २००२ साली जुन्या आवृत्त्या सर्वांना खुल्या केल्या. पुढे २०१० साली अमेरिकन ज्यूरीने निवाडा दिला, की स्वामित्वहक्क नोव्हेलकडून हललेच नव्हते! मालकच कोण हे मालकांना ठाऊक नसताना ठेवा जपला, तो मालकी सांगू न शकणाऱ्या लोकांनी.

बेसिक या भाषेची हकीकतही पाहण्यासारखी आहे. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने, सामान्य विद्यार्थ्यांसाठी ती घडवली. १९७५ साली बिल गेट्स आणि त्यांचे सहकारी यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकावर तिचा छोट्या यंत्रासाठीचा अवतार तयार केला. आणि १९७६ च्या फेब्रुवारीत, त्याच्या फिती परस्पर वाटणाऱ्या हौशी लोकांना उघड पत्र लिहून चोर ठरवले. श्रमाचे मोल मिळावे हा त्यांचा आग्रह समाजवाद्यांनी तरी नाकारू नये. पण भाषा लोकांची, यंत्र विद्यापीठाचे आणि मालकी तेवढी खासगी, हा हिशेब आम्हांला पटत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये गेट्स यांनी त्या संहितेची १५७ पाने स्वतःच प्रसिद्ध केली. बरे झाले. मात्र कंपनीच्या पन्नाशीनिमित्त मिळालेली ती भेट होती. वाचकाचा हक्क म्हणून ती पाने मिळाली नाहीत. धनिकाने विश्वस्तासारखे वागावे असे गांधीजी म्हणत. त्याची इच्छा झाली तर वागावे, एवढ्यावर समाजाने अवलंबून राहावे काय?

भारताला हा प्रश्न परका नाही. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, परकी भांडवलावरील मर्यादा मानण्याऐवजी आयबीएमने देश सोडला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. पाचच वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच आयबीएमने आपले नवे प्रोग्राम यापुढे मूळ संहितेविना देण्याचे धोरण जाहीर केले. यंत्र सांभाळणाऱ्या प्रत्येक देशाला त्याचा अर्थ कळायला हवा होता. मराठी छापखान्यांना तो आपल्या परीने कळला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतयोजना निराळी होती. त्या काळी जुळवलेला मजकूर मूळ फॉन्टविना उघडला की पडद्यावर भलतीच चिन्हे उमटतात.

१९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. तशीच मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही. संगणकप्रोग्राम हे वाङ्मयीन कृतीत मोडते, असे आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली घातले गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षणही मिळाले. वाङ्मयाचे संरक्षण हवे, तर ग्रंथालयात प्रत देण्याचे वाङ्मयाचे कर्तव्यही स्वीकारावे. धंद्याची गुपिते फुटतील अशी ओरड होईल. त्यांनी ती मोहोरबंद द्यावी. प्रोग्राम बाजारातून काढला गेला, की ठरावीक मुदतीने मोहोर फोडावी. फ्रान्सच्या इन्रिया या सार्वजनिक संस्थेने २०१६ साली जगातील संहितांचे भांडार सुरू केले आणि २०१७ साली युनेस्कोने तिच्याशी करार केला; तेव्हा हे स्वप्नरंजन आहे असे कुणी म्हणू नये.

सार्वजनिक पैशाने लिहिलेल्या संहितांबाबत तर मोहोरेचेही कारण नाही. सरकारी प्रोग्रामांच्या संहिता खुल्या करण्याचे धोरण केंद्राने २०१५ सालीच आखले आहे. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी विकसित केलेल्या जिस्ट तंत्राच्या जुन्या आवृत्त्यांपासून आरंभ करून, असे काय शिल्लक आहे आणि ते कोणत्या स्थितीत आहे याची यादी सरकारने संसदेपुढे ठेवावी. आणि यापुढे विकत घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची मूळ संहिता, ती यंत्राच्या आकड्यांत बदलणाऱ्या साधनांसह, सार्वजनिक ग्रंथालयात दाखल झाल्याखेरीज अखेरचा हप्ता अदा होणार नाही, अशी अट निविदेत असावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सरकारला ती आपल्या पुढच्याच निविदेत घालता येईल.