कुरकुंभची औषधं आफ्रिकेत पोहोचली, आपले संशोधक कधी पोहोचणार?

पुणे–सोलापूर महामार्गावर, दौंडजवळ कुरकुंभ लागतं. बाहेरच्यांना हे गाव फिरंगाई देवीच्या मंदिरामुळे आणि रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसीमुळे ठाऊक असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी इथल्या एका कारखान्यातून मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, तेव्हा चार दिवस टीव्हीवर कुरकुंभ गाजलं. याच एमआयडीसीचं आफ्रिकेशी असलेलं नातं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सिप्ला या औषध कंपनीचा एक कारखाना कुरकुंभला आहे. एचआयव्हीवरच्या स्वस्त औषधांची गोष्ट या कंपनीशिवाय सांगता येत नाही. २००० च्या सुमारास एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. आफ्रिकेतले लाखो रुग्ण औषध असूनही मरत होते, कारण ते विकत घेणं त्यांना शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त औषधांच्या यादीत उत्पादनाचं ठिकाण म्हणून कुरकुंभचा पत्ता सापडतो.

मी कुरकुंभलाच वाढले. माझे अब्बू एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर कंत्राटी कामगार होते. मोंबासा, दार-एस-सलाम, लागोस ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकली, कारण ती मालावरच्या लेबलांवर असत. तो माल कुणाकडे जातो, तिथले लोक कसे राहतात, त्यांना भारताबद्दल काय वाटतं, हे सांगू शकेल असं मात्र गावात कुणी नव्हतं. मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं, तेव्हा वर्गातही नव्हतं. माल जातो, पैसा येतो आणि ज्ञानाचा रस्ता तेवढा बंद राहतो. तो उघडायचं काम मराठी बोलणाऱ्या मुस्लिम तरुणांनी हाती घ्यावं, असं मला वाटतं. त्यासाठी लागणारा पैसा कुठून येऊ शकतो आणि तो आज का येत नाही, हेही स्पष्ट बोललं पाहिजे.

आधी ‘आपणच का’ याचं उत्तर देते. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला दफन झाला. जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान तर १९४८ पर्यंत टिकलं. त्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत. उलट दिशेनेही माणसं गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातले मुसलमान केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले आणि त्यांची कोकणी बोली तिथे टिकून राहिली. गावी येऊन परत जाण्यासाठी त्यांना सरकारी परवाने काढावे लागत. फोटो आणि बोटांचे ठसे असलेल्या त्या फायली तिथल्या अभिलेखागारात आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी त्यांवर मोलाचं काम केलं आहे. त्या फायलींतल्या माणसांची या बाजूची गोष्ट, म्हणजे मागे राहिलेली बायकामुलं, गावातली घरं, येणाऱ्या मनिऑर्डरी, ही रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत बसूनच गोळा करावी लागेल. ते काम कोकणी आणि मराठी समजणारा माणूसच नीट करू शकेल.

भाषेचा आपला फायदाही मोठा आहे. पूर्व आफ्रिकेची स्वाहिली भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहिली जाई आणि तिच्यात अरबी शब्दांची रेलचेल आहे. किताबू, दुनिया, वकाती, हबारी हे शब्द ऐकून आपल्यापैकी कुणालाही अर्थाचा अंदाज येईल. मकतबमध्ये जाऊन अरबी अक्षरं ओळखायला शिकलेली मुलं-मुली आपल्याकडे हजारोंनी आहेत. आपण या शिक्षणाकडे फक्त धार्मिक शिक्षण म्हणून पाहतो. संशोधनात तेच पहिलं साधन होऊ शकतं. त्याला फारसी आणि मोडीची जोड दिली, तर पुण्याच्या पेशवे दप्तरातली सिद्द्यांसंबंधीची कागदपत्रंही वाचता येतील.

आता पैशाचा मुद्दा. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्यानंतर २००९ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की ती २०२२-२३ पासून बंद केली जात आहे. इतर योजनांचा लाभ अल्पसंख्याकांनाही मिळतो, त्यामुळे ही योजना दुहेरी ठरते, असं कारण दिलं गेलं. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजनाही त्याच सुमारास बंद झाली. कंत्राटी कामगाराच्या मुलीने पाच वर्षं पीएच.डी. करावी, तर घरातली एक कमाई पाच वर्षं थांबते. तेवढा काळ दर महिन्याला काही ठरलेली रक्कम हाती आली नाही, तर ती मुलगी कितीही हुशार असो, टिकत नाही. दुहेरी लाभाचा हिशेब मांडणाऱ्यांनी मुळात एकतरी लाभ किती घरांपर्यंत पोहोचतो, हे आधी मोजायला हवं होतं. या निर्णयाविरुद्ध बोलत राहणं आपलं काम आहेच. पण आज एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्याने निर्णय बदलायची वाट पाहत थांबू नये. जे दरवाजे उघडे आहेत, ते मला माहीत आहेत तसे सांगते.

पहिला दरवाजा यूजीसीच्या नेट परीक्षेचा. आफ्रिकन स्टडीज हा विषय नेटमध्ये स्वतंत्र नाही, तो आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास या ९० क्रमांकाच्या विषयात येतो. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. जेआरएफसाठी वयाची अट ३० आहे, पण महिलांना आणि ओबीसींना पाच वर्षांची सवलत आहे. लग्नानंतर किंवा नोकरीनंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले आहेत.

दुसरा दरवाजा नागपूरच्या महाज्योतीचा. ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पीएच.डी. संशोधकांना फेलोशिप देते. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी हे समाज ओबीसी यादीत आहेत आणि छप्परबंद विमुक्त जातींत. म्हणजे आपल्यातले अनेक जण इथे पात्र आहेत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रं मात्र वेळेत तयार हवीत. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयाच्या फेऱ्या सुरू केल्या, तर मुदत निघून जाते. जागा आणि अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

तिसरा दरवाजा केंद्रीय परिषदांचा. समाजविज्ञानासाठी आयसीएसएसआर आणि इतिहासासाठी आयसीएचआर पीएच.डी.च्या फेलोशिप देतात. परदेशात जाऊन माहिती किंवा कागदपत्रं गोळा करण्यासाठीही त्यांच्या प्रवास-अनुदानाच्या योजना आहेत. केपटाऊन किंवा नैरोबीला दोन महिने बसायचं असेल, तर इथे चौकशी करावी.

शिकायचं कुठे? मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आफ्रिकन अभ्यासाचं केंद्र १९७१ पासून आहे. दिल्ली विद्यापीठातला विभाग १९५५ चा आहे आणि जेएनयूतही आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे. देशाबाहेर नेदरलँड्समधलं लायडेन, जर्मनीतलं बायरॉइट आणि लंडनचं सोआस ही या विषयाची मोठी ठिकाणं. आफ्रिकेतही कंपालाचं मेकेरेरे विद्यापीठ आणि सेनेगलमधल्या डाकारची कोडेस्रिया ही संस्था आहे. मेकेरेरेच्या सामाजिक संशोधन संस्थेत पीएच.डी.चा अभ्यासक्रम उभा करणारे महमूद ममदानी यांचा जन्म १९४६ मध्ये मुंबईतच झाला होता. आफ्रिकेचं ज्ञान आफ्रिकेतच तयार व्हावं, हा त्यांचा आग्रह राहिला आहे. युरोपात शिकायला जाणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवलेला बरा.

यावर घरातून येणारा प्रश्न मला माहीत आहे: ‘हे शिकून नोकरी कुठे लागणार?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देणं बरोबर नाही. या विषयाचे विभाग देशात मोजके आहेत, प्राध्यापकांच्या जागा त्याहून कमी. म्हणून माझं म्हणणं असं की मूळ विषय पक्का ठेवावा. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांपैकी एकात पाय रोवून आफ्रिका हे अभ्यासाचं क्षेत्र निवडावं. कुरकुंभच्या बी.फार्म. झालेल्या मुलाने युगांडा किंवा केनियाच्या औषध-मान्यतेच्या नियमांचा अभ्यास केला, तर निर्यात करणाऱ्या कंपन्यांना त्याची गरज आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली. तिच्यावर चालणाऱ्या आफ्रिकेतल्या एचआयव्ही कार्यक्रमांचं पुढे काय झालं आणि त्याचा इथल्या कारखान्यांच्या मागणीवर, पर्यायाने कंत्राटी कामगारांच्या पाळ्यांवर काय परिणाम झाला, हा पीएच.डी.चा विषय आहे. त्याचा अर्धा पुरावा आपल्या गल्लीत आहे.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. मलिक अंबराचा फोटो स्टेटसला ठेवणारे आपण, घरात सावळ्या मुलाला ‘हबशी’ म्हणून चिडवतो. पुण्यात शिकायला आलेल्या सुदानी किंवा नायजेरियन विद्यार्थ्याला खोली नाकारली जाते आणि नाकारणाऱ्यांत आपलीही माणसं असतात. नावामुळे घर न मिळण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनीच रंगामुळे दुसऱ्याला दारातून परत पाठवावं, याला काय म्हणायचं? हजरत बिलाल यांचं नाव आपण आदराने घेतो. मक्केतल्या छळाला कंटाळून निघालेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा हबशाच्या राजानेच दिला होता, हेही आपण मुलांना सांगतो. तो आदर आजच्या आफ्रिकी माणसापर्यंत पोहोचायचा असेल, तर त्याचा आजचा देश, त्याचं राजकारण, त्याचं साहित्य माहीत असावं लागेल. अभिमानासाठी सिद्द्यांचा इतिहास तेवढा उचलायचा आणि ५४ देशांचा वर्तमान सोडून द्यायचा, हा अभ्यास नव्हे.

म्हणून मागणी तीन ठिकाणी करायची आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये बार्टी आणि सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. या संस्थेत स्पर्धा परीक्षांच्या वर्गांइतकंच महत्त्व पीएच.डी. फेलोशिपला मिळालं पाहिजे आणि त्यातल्या काही जागा आफ्रिका व पश्चिम आशियाच्या अभ्यासासाठी ठेवल्या पाहिजेत. दुसरी मागणी आपल्याच ट्रस्टांकडे आणि जमातींकडे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी एवढेच रकाने असतील, तर समाजविज्ञानाची मुलगी कुठे लिहिणार? दहा मुलांची फी भरताना अकराव्या संशोधकाला वर्षभराचा प्रवासखर्च द्यायला फार मोठा निधी लागत नाही. तिसरी मागणी एमआयडीसीतल्या निर्यातदार कंपन्यांकडे. सामाजिक जबाबदारीच्या निधीतून गावात कमानी आणि बाकडी येतात. तालुक्यातल्या दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, धर्म-जात न पाहता, ज्या देशांना माल जातो त्यांच्या अभ्यासासाठी फेलोशिपही देता येईल.

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाने या महिन्यात दोन कामं करावीत. नेटच्या ९० क्रमांकाच्या विषयाचा अभ्यासक्रम काढून वाचावा आणि जातीच्या दाखल्याची फाईल पूर्ण आहे का ते पाहावं. ज्यांना विषय सुचत नाही, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं की आपल्या खानदानातलं किंवा गावातलं कोण आफ्रिकेला गेलं होतं. कोकणातल्या घरांत हे उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दौंड-शिरूरकडे मिळालं नाही, तर एमआयडीसीच्या गेटवर माल भरून उभ्या असलेल्या ट्रकचालकाला विचारा, हा माल कुठल्या देशाला चाललाय.